दीडशेवर गेलं की फोन यायचा

सोफाकाका आयुष्यभरात फोनवर जी काही वाक्यं बोलले, त्यांत सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य एकच: “थांब, आईला देतो.”

लेकीचा फोन आला की काका उचलायचे. “बरी आहेस ना? जेवलीस का?” एवढं विचारायचे आणि तिकडचं उत्तर पुरतं व्हायच्या आत फोन काकूंच्या हातात. मग काकू तासभर बोलायच्या आणि काका समोर बसून एका बाजूचं ऐकायचे. तेवढ्यावर त्यांचं पोट भरायचं. माणूस कोरडा होता असं मात्र कोणी म्हणू नये हं. धंदाच तसा होता. सोफ्याला रेक्झिन चढवणारा जुना कारागीर बारीक खिळे तोंडात धरून काम करतो. एकेक खिळा ओठांतून काढायचा, टेकवायचा, हातोडीचा हलका ठोका द्यायचा. आता स्टेपलची बंदूक आलीय, पण काकांची सवय काही सुटली नाही. सगळी उमर तोंडात खिळे धरून काढलेला माणूस बोलणार काय, कपाळ! घरातलं बोलायचं खातं काकूंकडे होतं आणि त्या ते झकास सांभाळत होत्या.

मग काकू गेल्या. दुपारी बसल्या जागी गेल्या, कोणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही.

त्यानंतरचे फोन कसे असायचे ते सांगतो. “बाबा, कसे आहात?” “बरा आहे. तू?” “बरी आहे.” “जेवलीस का?” “हो. तुम्ही?” “हो.” मग दोघं गप्प. काकांचा हात आपोआप फोन पुढे करायला उचलला जायचा आणि समोर कोणी नसायचं. शेवटी तीच म्हणायची, “ठेवू मग?” आणि काका म्हणायचे, “ठेव, ठेव, कामं असतील तुला.” आधी आठवड्याला येणारा फोन पंधरा दिवसांवर गेला. दोष कोणाचाच नव्हता. दोघांमधला माणूस गेला होता.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत एक जुना सोफा, त्याच्या डाव्या कोपऱ्यात काकूंच्या बसण्याने पडलेला खळगा. “जगाचे सोफे नीट करता, घरच्याला कधी मुहूर्त लागणार?” असं काकू वर्षानुवर्षं म्हणत आल्या. आता वेळच वेळ होता, तर काकांचा हात त्या सोफ्याला लागेना. ते उजव्या टोकाला अंग चोरून बसायचे.

लेक सुट्टीत आली तेव्हा तिने हे बघितलं. लांबच्या, विमानाशिवाय येता न येणाऱ्या शहरात नोकरी तिची. काका तिला ठमी म्हणायचे. लहानपणी एखादी गोष्ट मनात घेतली की रस्त्यात पाय रोवून ठाम उभी राहायची, म्हणून ठमी. ती स्वतः धावणारी, शर्यतींची पदकं मिळवलेली. तिने दोन दिवस बापाला उजव्या टोकाला बसलेलं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी उठवलंच. डॉक्टरकडे नेऊन छाती तपासून घेतली. बूट आणले. मैदानावर धावणाऱ्यांचा एक गट होता, तिथे नाव घातलं. आणि पुढच्या थंडीतल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीतही काकांचं नाव नोंदवून मोकळी झाली.

“अगं, मी? मला बस पकडायला धावता येत नाही.”

“येईल. आणि मी येणार आहे ना. आपण दोघं बरोबर धावू, पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत. कबूल?”

पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत म्हणजे तीन तास तरी नक्की. लेकीबरोबर तीन तास! काका म्हणाले, “कबूल.”

जाताना तिने त्यांच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. त्याच्या पोटात हिरवे दिवे, ते मनगटावरून हृदयाचे ठोके मोजायचे. ठमीने त्यात दोन हद्दी घालून दिल्या. ठोके एकशे पंचवीसच्या वर गेले की घड्याळ टिकटिक वाजणार, म्हणजे वेग कमी करायचा. आणि दीडशेच्या वर गेले तर थेट तिच्या फोनवर इशारा जाणार. “एकटे धावणार तुम्ही. माझा जीव इथे टांगणीला नको,” असं म्हणाली आणि गेली.

मैदानावर शिकवायला मास्तर होते, एका शाळेतून निवृत्त झालेले, गळ्यातली शिट्टी मात्र निवृत्त न झालेली. पहिल्याच दिवशी त्यांनी काकांना बाजूला घेतलं.

“सोफेवाले, नीट ऐका. शर्यतीची तयारी म्हणजे रोज शर्यत नव्हे. आठवड्यातले बहुतेक दिवस सावकाश धावायचं. घड्याळ वाजलं की वेग कमी करायचा, तरी वाजलं तर चालायचं. लाज वाटली तरी चालायचं. तुम्ही खालचे पट्टे ताणून घेतल्याशिवाय वरचं कापड चढवता का?”

“छे! चार दिवसांत बसतं ते.”

“तेच सांगतोय. आणि घड्याळावर भरवसा नसेल तर सोपी खूण घ्या. धावता धावता गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागली की समजायचं, जोर जास्त होतोय.”

काकांनी विचारलं, “कोणाशी?”

मास्तर मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टेखोर आहे. अहो, थट्टा कसली? गटातली सगळी पोरं तरणीताठी, पहिल्या वळणालाच दिसेनाशी व्हायची. काकांच्या वेगाने धावणारं त्या मैदानावर दुसरं कोणी नव्हतं.

सावकाश धावणं हा किती अपमानाचा धंदा आहे ते केल्याशिवाय कळत नाही. कालव्याकडेच्या रस्त्याने काका निघायचे. जरा पाय मोकळे होतात न होतात तोच घड्याळ टिकटिक. की चाला. एकदा एक बाई बाळाची गाडी ढकलत त्यांना मागे टाकून गेली. एकदा काठी टेकत चालणारे एक आजोबा पुढे गेले आणि वर मागे वळून म्हणाले, “येताय का?” काकांनी सगळं गिळलं. ठमीबरोबर तीन तास धावायचं तर पाया पक्का हवा, एवढं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आणि एका सकाळी कुत्रं मागे लागलं. चांगलं वासराएवढं. काका असे सुटले की बूट जमिनीला लागत होते की नाही देव जाणे. पंपघराच्या फाटकाआड शिरले, कुत्रं भुंकून निघून गेलं, आणि काका गजांना धरून धापा टाकतायत तोच खिशात फोन वाजला.

“बाबा! एकशे अठ्ठावन्न? काय चाललंय काय? कुठे आहात? आधी खाली बसा. बसलात?”

“बसलो.”

“छातीत दुखतंय? घाम येतोय?”

“नाही गं. कुत्रं लागलं मागे.”

“कुत्रं? चावलं का?”

“नाही. पण काय कुत्रं होतं ठमे! असं एवढं, आणि एक कान उभा, एक पडलेला.”

तिकडे ती हसायला लागली. खूप हसली. मग रागावली, काठी घेऊन का जात नाही म्हणून. मग गोळ्या घेता का, नळ गळत होता तो दुरुस्त केला का, दाढी का वाढवलीय फोटोत. काका फाटकाशी मातीत बसून उत्तरं देत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याकडे लेकीला सांगायला काहीतरी होतं. फोन ठेवला तेव्हा काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. त्या दिवशी त्यांनी एका खुर्चीला दोनदा तेच कापड मापलं आणि दोन्ही वेळा गुणगुणत मापलं.

मग पुन्हा तेच. “कसे आहात?” “बरा आहे.” “ठेवू मग?”

आता पुढचं काकांच्या डोक्यात कधी आलं ते त्यांनाही सांगता येणार नाही. कालव्याच्या रस्त्याच्या टोकाला उड्डाणपूल होता. मास्तरांनी बजावलं होतं, सावकाशीच्या दिवशी त्या चढाला हातही लावायचा नाही. एका सकाळी काका पुलाच्या पायथ्याशी थांबले. पहिल्यांदाच चोरी करायला निघालेल्या माणसासारखं इकडे तिकडे बघितलं. आणि चढाला भिडले. एकशे तीस, एकशे चाळीस, घड्याळ बोंबलतंय, काका पळतायत. वर पोचले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि घड्याळात एकशे चोपन्न. फोन हातात धरून कठड्याला टेकले. वाजला!

“बाबा! आता काय झालं?”

“काही नाही गं. शाळेची पोरं म्हणाली, काका शर्यत लावता का.”

“आणि तुम्ही लावलीत? वय काय तुमचं?” सुरू झाली ती. काका डोळे मिटून ऐकत राहिले. रागावते कशी, थेट काकूंसारखी, ‘काय’ वर जोर देऊन.

एकदा चटक लागली ती लागली. आधी आठवड्यातून एक दिवस, मग दोन. कामावर खिळे ठोकता ठोकता काका नवी कारणं जुळवायचे: बस सुटत होती, वाऱ्याने टोपी उडाली, टेम्पोतून फोमची गुंडाळी पडली तिच्यामागे पळालो. ज्या माणसाला खरं बोलायला दोन वाक्यं सुचत नव्हती, त्याला खोटं कसं भराभर सुचायला लागलं बघा.

फुकट मात्र काही नसतं. काकांचे गुडघे कुरकुरायला लागले. लांब पल्ल्याच्या दिवशी अर्ध्या वाटेतच घोडं पेंड खायला लागलं आणि काका पुलाखालच्या दगडावर बसले. मास्तर सायकलवरून आले.

“सोफेवाले, पायांत जीव नाही तुमच्या. सावकाशीच्या दिवशी काय उद्योग करता?”

“सावकाशच धावतो.”

मास्तरांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. शाळेत अशी हजार तोंडं बघितलेला माणूस तो.

काका कामाला होते त्या कारखान्यात शिवणाच्या मशीनवर एक वहिनी होत्या, काकांच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलेल्या आणि त्यामुळे काकांना काहीही बोलायचा हक्क असलेल्या. काकांना लंगडताना बघून त्यांनी सगळं काढून घेतलं. ऐकून मशीन थांबवली.

“अहो भावजी, वेड लागलंय का तुम्हाला? फोन हातात आहे, आपणच लावावा की लेकीला. जिवावर उदार होऊन पूल कशाला चढायचा?”

“लावून काय बोलू?”

“काहीही बोला! मी माझ्या बहिणीशी भाजीच्या देठावर अर्धा तास बोलते. लावा. आत्ता लावा, माझ्यासमोर.”

काकांनी लावला. तिकडून दबका आवाज आला, “बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. काही अर्जंट आहे का?”

“नाही, नाही. सहज.”

“मग नंतर करते हं.”

काकांनी फोन खिशात ठेवला आणि चार खिळे तोंडात घातले. वहिनींनी मशीन सुरू केली. संध्याकाळपर्यंत नंतरचा फोन आला नाही.

दोन दिवसांनी काका पुन्हा पुलावर. वर पोचले तेव्हा एकशे साठ. फोन हातात. वाजेना. घड्याळ नीट बसलं नसेल म्हणून पट्टा आवळला, खाली उतरले, पुन्हा चढले. एकशे एकसष्ट. कोणी नाही. बाजूने गाड्या जात होत्या. ठोके हळूहळू उतरले, घाम गार पडला, तरी काका कठड्याला टेकून उभेच. मग मात्र मनात आलं: पोरीला काही झालं तर नसेल? दीडशेच्या वर गेलं आणि फोन नाही, असं आजवर एकदाही झालं नव्हतं. त्यांनीच फोन लावला.

ती लगेच बोलली. ठणठणीत होती. काकांचा जीव भांड्यात पडला.

“बाबा, बरं झालं केलात. सांगायचंच होतं. तो इशारा मी बंद केलाय.”

“हो का.”

“मास्तरांशी बोलले मी. ते म्हणाले, चढावर ठोके वाढतातच, तपासण्या चांगल्या आहेत, काळजीचं कारण नाही. आणि खरं सांगू? ऑफिसात तो वाजला की माझे हातपाय गळायचे. सगळं टाकून जिन्यात पळायचे मी. आईच्या वेळी असाच फोन आला होता ना मला, कामावर. दर वेळी वाटायचं, आता बाबा.”

आपण चोरी केली ती कोणाच्या घरात, हे त्यांना त्या क्षणी कळलं. सांगून टाकावं, हात जोडावे असं वाटलं. तोंडातून निघालं एवढंच, “बरं केलंस.”

“आणि शर्यतीला येण्याचं बघते मी. सुट्टीचं जरा अवघड आहे, पण बघते.”

“बघ, बघ.”

त्या दिवसापासून काकांनी पुलाचं नाव टाकलं. कानाला खडा. रोज सकाळी कालव्याचा रस्ता, घड्याळ वाजलं की चालणं, गप्प झालं की पुन्हा धावणं. एकटं वाटायचं, फार वाटायचं. आधी निदान चढ होता, त्याच्या टोकाला आवाज होता. आता नुसता रस्ता आणि आपल्याच बुटांचा आवाज. पण शरीराचं शरीर बघत होतं. गुडघे निवले. तेवढ्याच ठोक्यांत काका आता पूर्वीपेक्षा भराभर जायला लागले, बाळगाडीवाली बाई मागे पडली, काठीवाल्या आजोबांना तर काकांनी वळून “येताय का?” विचारूनही घेतलं. मास्तर खूश. “बघा, सावकाश धावलात म्हणून वेग आला. बोलता येतं का आता धावताना?”

“येतं.”

आणि ते खरं होतं. काका बोलत होते. ठमीचा फोन येईल तेव्हा काय सांगायचं, त्याची ते धावता धावता तालीम करायचे, मोठ्याने. “ठमे, आज काय झालं माहितेय का? वहिनींनी हिरव्या सोफ्याचं कव्हर उलटं शिवलं आणि गिऱ्हाईक म्हणतंय हेच छान दिसतंय.” मग थोडं थांबायचं, तिला हसायला जागा ठेवायची. “दाढी केली गं. नळ अजून गळतोय, खोटं कशाला सांगू.” समोरून येणाऱ्यांना वाटायचं, माणूस कानात यंत्र घालून कोणाशी तरी बोलतोय. बोलत होते बिचारे, धाप न लागता, ठोके एकशे वीस. शर्यतीतले तीन तास त्यांनी असे भरून ठेवले होते. एक गोष्ट राखून ठेवली होती ती पुलाची. ती शेवटच्या टप्प्यात सांगायची, ती बाजूला असताना, म्हणजे रागावली तरी फोन ठेवून जाऊ शकणार नाही.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात, एका सकाळी, पंपघराच्या फाटकापाशी फोन वाजला. ठमी. स्वतःहून, काही झालेलं नसताना! काका जागच्या जागी थांबले. उलट्या कव्हराची गोष्ट अगदी जिभेवर.

“बाबा, रागावणार नाही ना? मला नाही जमत यायला. खूप प्रयत्न केला. सुट्टी नाही मिळाली.”

उलटं कव्हर, हिरवा सोफा, नळ, सगळं कुठल्या कुठे गेलं. इतक्या दिवसांची तालीम, एक अक्षर सापडेना. आणि त्या रिकाम्या तोंडातून वर्षानुवर्षांच्या सवयीने जे निघायचं तेच निघालं.

“थांब, आईला देतो.”

म्हटलं आणि काकांनाच ऐकू आलं. हात पुढे झालेला होता. त्यांनी तो सावकाश परत कानाशी आणला. तिकडे एकदम शांत.

त्या शांततेत मनगटावर टिकटिक सुरू झाली.

तिचा आवाज आला, अगदी बारीक. “बाबा, काय वाजतंय?”

“घड्याळ.”

“धावताय अजून? थांबा ना जरा.”

“थांबलोय. फोन आला तेव्हाच थांबलो. उभा आहे फाटकापाशी.”

“मग ठोके कशाने वाढले?”

काकांकडे कारणं कमी नव्हती. कुत्रं होतं, टोपी होती, टेम्पो होता. त्यांनी एकही काढलं नाही.

“तुझा फोन आला ना,” काका म्हणाले. “तू यायला हवी होतीस गं.”

‘ठेवू मग?’ असं त्या दिवशी दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही. तिकडे ती नाक ओढत होती. इकडे काका फाटकाच्या गजाला धरून उभे होते, आणि घड्याळ वाजत होतं ते त्यांनी वाजू दिलं.